खोडलेल्या आकड्याची गोष्ट

आई तुळशीबागेत खरेदी करायची तेव्हा मी पिशवी धरून तिच्यामागे उभी असायचे. दुकानदार दोनशे म्हणाला की ती ऐंशी म्हणायची. तो कपाळाला हात लावायचा, ती दोन पावलं पुढे निघायची, तो मागून 'अहो ताई' अशी हाक मारायचा आणि शेवटी एकशेदहावर सौदा पटायचा. लहानपणी मला वाटायचं, हे दोघं भांडतायत. पुढे कळलं की दोनशे ही किंमत नाहीच, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असतं. बोलणं कुठून तरी सुरू व्हावं लागतं, म्हणून तो आकडा.

एकदा गणपतीच्या आधी ती फोनवर डबल बेडची चादर बघत होती. २,९९९ रुपये, त्यावर आडवी रेघ. शेजारी ठळक अक्षरांत ५९९. खाली हिरव्या रंगात '८०% सवलत'. आईने चष्मा वर सरकवला, बराच वेळ त्या खोडलेल्या आकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, ही चादर तीन हजारांना कधी कुणी घेतली असेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी त्या प्रश्नाच्या मागे लागले. जसजशी वाचत गेले तसतशी थक्क होत गेले, कारण आईने सहज विचारलेला हा प्रश्न शब्द थोडे बदलून लक्झेंबर्गच्या न्यायालयापासून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयापर्यंत आणि वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीपासून दिल्लीतल्या संसदेपर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. त्या आडव्या रेघेखालचा आकडा कधी काळी जिवंत होता का?

आधी मला नवल वाटलं ते रेघेचंच. किंमत बदलली तर जुनी काढून नवी लिहावी. खोडलेली जपून कशाला ठेवायची? पण विचार करत गेले तसं दिसलं की फोनवर घासाघीस करायला समोर माणूस नाही, म्हणून दुकान दोन्ही बाजूंचं काम एकटंच करतं. आधी आपणच २,९९९ म्हणतं, मग आपणच ते खोडतं आणि ५९९ वर येतं. आईने करायचा सगळा भाव तिच्या वतीने आधीच करून ठेवलेला असतो. तुळशीबागेतून बाहेर पडताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा, तो इथे एक शब्दही न बोलता पदरात पडतो. फरक एकच, पण मोठा. तुळशीबागेत पहिला आकडा पोकळ आहे हे दोघांनाही माहीत असतं. फोनवरचा पहिला आकडा मात्र माहिती म्हणून सांगितला जातो.

आणि तो पोकळ आहे असा संशय आला तरी तो आपलं काम करतोच. १९७४ साली अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर जत्रेत असतं तसं आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते गुपचूप असं बनवलेलं की १० वर तरी थांबेल नाहीतर ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांच्यापुढे १० आला त्यांचे अंदाज २५ टक्क्यांच्या आसपास राहिले. ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचे ४५ च्या आसपास. चक्राचा आफ्रिकेशी काहीही संबंध नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. तरी मन त्या आकड्याला बांधलं गेलं, होडी नांगराला बांधली जावी तसं. या परिणामाला अँकरिंग म्हणतात, म्हणजे नांगर टाकणंच.

असं फक्त अजाण माणसांचं होत असेल असं वाटण्याची सोयही उरलेली नाही. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात घरांच्या व्यवहारात मुरलेल्या दलालांना एक खरंखुरं घर दाखवलं आणि त्याची वाजवी किंमत काढायला सांगितली. सोबतच्या कागदपत्रांत मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगवेगळी दिली होती. ज्यांच्या कागदात चढा आकडा होता त्यांचा हिशेबही वर सरकला. विचारल्यावर बहुतेक दलालांनी सांगितलं की त्या आकड्याकडे आम्ही लक्षच दिलं नाही. जन्मभर घरं विकणाऱ्यांचं हे होतं, तर चादर बघणाऱ्या आईचं काय होत असेल!

बरं, हा नुसता अंदाज चुकण्याचा मामला नाही. यात सुखही आहे, आणि त्या सुखाचा हिशेब रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने मांडला. त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. १९८५ च्या एका लेखात ते म्हणतात की खरेदीत आपल्याला दोन वेगळी सुखं मिळतात. एक त्या वस्तूचं. दुसरं सौद्याचं, म्हणजे जी किंमत पडायला हवी होती तिच्यापेक्षा किती कमी पडली त्याचं. त्यांनी लोकांना कल्पना करायला सांगितली की तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पडलेले आहात आणि मित्र तुमच्यासाठी थंड बिअर आणायला निघाला आहे. बिअर आलिशान हॉटेलातून येणार असेल तर लोक सर्वसाधारणपणे २.६५ डॉलर द्यायला तयार होते, आणि तीच बाटली जुनाट किराणा दुकानातून येणार असेल तर दीड डॉलर. पिणार तीच बिअर, त्याच वाळूवर. हॉटेलात पायही ठेवायचा नाही. तरीही 'पडायला हवी होती' ती किंमत बदलली आणि सुख बदललं.

खोडलेला आकडा नेमका इथे येऊन बसतो. चादर कशी आहे ते त्यातून कळत नाही. आपल्या मनातली 'पडायला हवी होती' ही जागा मात्र तो भरून टाकतो. ही जागा एरवी रिकामीच असते. ज्वारीचा भाव आपल्याला ठाऊक असतो, पण २१० धाग्यांच्या सुती चादरीचा रास्त भाव कुणाला ठाऊक आहे?

यावर कुणी म्हणेल, मग हे सगळं बंदच करून टाका, सरळ एक भाव सांगा. हेही एकाने करून पाहिलं आहे. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली शंभर वर्षं जुनी दुकानांची साखळी. तिथला बहुतेक माल मोठमोठ्या सवलतींतच विकला जायचा. २०१२ च्या फेब्रुवारीत नवे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी कुपनं बंद केली, सेल बंद केले आणि किमती थेट खाली आणून 'रास्त आणि सरळ' भाव लावले. गिऱ्हाईक निघून गेलं. एका वर्षात विक्री सुमारे १७ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं. लोकांवर रागावण्यासारखं यात काही आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या हातातून भाव करण्याचा आनंद काढून घेतला होता आणि मनातली ती जागा रिकामी ठेवली होती. पण यातून एक गोष्ट दिसते. एकटा प्रामाणिक दुकानदार इथे टिकणं कठीण आहे. शेजारच्याने चढा आकडा लिहून तो खोडला की सरळ भाव लावणारा महाग दिसायला लागतो. म्हणून हा विषय एकेका दुकानदाराच्या सचोटीवर सोडता येत नाही, तिथे कायदा लागतो.

कायद्याच्या आधी धर्म आला होता. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस सोडून दिली. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. जी किंमत मिळेल अशी माझीच अपेक्षा नाही ती मागणं म्हणजे खोटं बोलणं. लहान मूल आलं तरी तोच भाव, सरदार आला तरी तोच. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आरिस्टिड बुसिको यांचं बों मार्शे आणि फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांचं भांडार अशा मोठ्या दुकानांनी प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावली. आपल्याकडच्या जुन्या दुकानांत 'एकच भाव' अशी पाटी दिसते तिचीच ही जात. किमतीची चिठ्ठी हा पहिला आकडा खरा असल्याचा शब्द होता. त्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवायला लागल्यावर तो शब्द पुन्हा सैल झाला.

जर्मनीने तर सवलतीलाच वेसण घातली होती. १९३३ च्या एका कायद्याने रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तीन टक्क्यांहून जास्त सूट द्यायला मनाई होती, आणि हा कायदा २००१ सालापर्यंत जिवंत होता! फ्रान्समध्ये मोठे सेल आजही वर्षातून दोनदाच, सरकारने ठरवून दिलेल्या आठवड्यांत लागतात.

अमेरिकेने दुसरी वाट घेतली. सवलत हवी तितकी द्या, पण आधीची किंमत खरी हवी. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत एका पेनाची गोष्ट घातली. एक विक्रेता पाच डॉलरला पेन घेतो आणि नेहमी साडेसातला विकतो. एके दिवशी तो त्यावर दहा डॉलरची चिठ्ठी लावतो. या भावाला पेन खपणार नाहीत हे त्याला ठाऊक आहे, पण चिंता नाही, कारण ती चिठ्ठी थोडेच दिवस राहणार. मग तो जाहिरात करतो: दहाचं पेन आता फक्त साडेसातला! सूचना सांगतात की हा दावा खोटा आहे. आधीची किंमत तीच, जिला तो माल नेहमीच्या व्यवहारात, बराच काळ, मनापासून विक्रीला ठेवला होता. एखादा नग त्या भावाला विकला गेलाच पाहिजे अशी अट नाही, मांडणी खरी हवी. आईचा प्रश्न आणि हा नियम यांच्यात फार अंतर नाही. साठ वर्षांपूर्वी, इंटरनेटचा पत्ताही नसताना, दुकानाच्या काउंटरवरच्या पेनासाठी लिहिलेला हा परिच्छेद आजच्या कुठल्याही महासेलला जसाच्या तसा लागू पडतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे ओव्हरस्टॉक या अमेरिकी संकेतस्थळावर कॅलिफोर्नियातल्या सरकारी वकिलांनी खटला भरला. त्यात एका गिऱ्हाइकाची हकीकत होती. ९९९ डॉलरची म्हणून दाखवलेली अंगणातल्या टेबल-खुर्च्यांची जोडी त्याने ४४९ ला घेतली. खोकं घरी आलं तर त्यावर दुसऱ्याच दुकानाची चिठ्ठी होती, २४७ डॉलरची. खोडलेला आकडा कुठून आला हे न्यायालयाने खोदून काढलं, तेव्हा कळलं की काही वेळा तो नुसत्या सूत्राने तयार केलेला होता, तर काही वेळा भलत्याच, थोड्याशा मिळत्याजुळत्या वस्तूचा होता. २०१४ मध्ये कंपनीला ६८ लाख डॉलरचा दंड झाला आणि २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला.

तरी 'बराच काळ' आणि 'मनापासून' हे शब्द वकिलांना कितीही ताणता येतात. युरोपने ते बाजूला ठेवले आणि तिथे एक आकडा बसवला: ३० दिवस. २०१९ च्या निर्देशाने हा बदल केला आणि २८ मे २०२२ पासून तो लागू झाला. किंमत उतरवल्याचं जाहीर करायचं असेल तर आधीच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. सेलच्या आधी आठवडाभर भाव वर नेऊन मग खाली आणायचा खेळ इथे अडतो, कारण महिन्याभरातला तळ लपवता येत नाही.

आता यातली पळवाट बघा. जर्मनीत आल्डी ज्यूड या किराणा साखळीने केळी जाहिरातीत काढली. १.६९ युरो खोडलेले, १.२९ युरो भाव, वर '२३ टक्के कमी'. आणि खाली बारीक अक्षरांत कायद्याने मागितलेली माहिती, मागच्या ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत १.२९ युरो. म्हणजे कायद्याने मागितलेला आकडा दिला होता आणि सवलत शून्य होती. त्याच जाहिरातीतलं अननस तर महिन्यातल्या तळाच्या किमतीहून दहा सेंटने महाग होतं, तरी 'खास भाव' म्हणून मिरवत होतं. बाडेन-व्युर्टेंबर्गची ग्राहक संघटना न्यायालयात गेली आणि प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत पोचलं. २६ सप्टेंबर २०२४ ला निकाल लागला. नुसती तळटीप पुरणार नाही, टक्केवारी त्या तळाच्या किमतीवरूनच काढली पाहिजे. केळ्यांच्या चाळीस सेंटसाठी एका खंडाचं सर्वोच्च न्यायालय बसलं, हे वाचताना मला भरून आलं. कुणाला तो पोरखेळ वाटेल. मला त्यात बाजारात उभ्या असलेल्या साध्या माणसाबद्दलचा आदर दिसला.

आता आईच्या चादरीकडे येऊ. कारण आपल्याकडे या कथेला एक वळण आहे आणि ते जगात फार थोड्या देशांत सापडेल. तिच्या चादरीवर खोडलेला आकडा आधीची किंमत असल्याचा दावा करतच नव्हता. ती एमआरपी होती.

एमआरपी, म्हणजे आपली छापील किंमत, ही आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी योजलेली वस्तू आहे हे आपण विसरलो आहोत. पाकीटबंद मालासाठीचे नियम १९७७ मध्ये आले. तेव्हा पाकिटावर किंमत छापून पुढे 'स्थानिक कर वेगळे' असंही लिहिता यायचं. हे शब्द आठवणारे वाचक अजून असतील. गिऱ्हाइकाला कर किती ते ठाऊक नाही, दुकानदार सांगेल तेवढा द्यायचा. म्हणून १९९० मध्ये नियम बदलला आणि किंमत सर्व करांसहितच छापायची असं ठरलं. आज हे सगळं २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे नियम यांखाली येतं. विचार किती सुंदर आहे बघा. गडचिरोलीच्या शेवटच्या गावातल्या, शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही पाकीट पुढे करून 'यावर किती लिहिलंय?' असं कुणालाही विचारता यावं, आणि त्याहून एक रुपया जास्त मागण्याची कुणाची छाती होऊ नये. करांसहित या शब्दाचंही वजन राहिलं आहे. छापील किमतीवर सरसकट सूट जाहीर करून वर पुन्हा कर लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये एका बुटांच्या कंपनीच्या प्रकरणात सांगितलं.

पण ही छापील किंमत म्हणजे छत आहे. याच्या वर जायचं नाही, एवढंच ती सांगते. छत किती उंच बांधायचं हे मात्र ज्याने माल बनवला, पाकिटात भरला किंवा परदेशातून आणला तोच ठरवतो. काही औषधांसारखे अपवाद सोडले तर त्याला सरकारी मर्यादा नाही. आणि उंच छापण्यात त्याचा काय फायदा असतो, हे औषधांनीच दाखवून दिलं. २०१८ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. खरेदीची किंमत आणि रुग्णाकडून घेतलेली किंमत यांतला नफा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत होता. आणि हे सगळं छापील किमतीच्या आत बसत होतं. मोठ्या खरेदीदाराला जास्त नफा हवा, म्हणून बनवणारा जास्त किंमत छापून देतो. छत उंच केलं की खाली जागाच जागा.

इस्पितळात त्या जागेत नफा बसतो आणि ऑनलाइन बाजारात सवलत बसते. जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळांनीही पाकिटावरची माहिती, छापील किमतीसकट, मालाच्या पानावर दाखवलीच पाहिजे असा नियम झाला. तो गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठीच होता. पडद्यावर तो आकडा आला, पण त्याच्यावर आडवी रेघ ओढून आला. ही रेघ कुठल्याही कायद्यात नाही. 'याहून जास्त घेणार नाही' असं सांगायला जन्मलेला आकडा त्या रेघेमुळे 'पूर्वी एवढे घेत होतो' असं सांगायला लागला. एका रेघेने वाक्याचा अर्थ फिरवला, आणि अक्षर एकही खोटं नाही. या शोधात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट सापडली ती ही.

मग आपला कायदा यावर मुका आहे का? मुळीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमातलं ४७ वं पोटकलम अनुचित व्यापारी प्रथा सांगतं. माल सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकला जातो तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं, ही त्यांतली एक. हे शब्द १९८४ पासून आपल्या कायद्यात आहेत, आधी मक्तेदारीविरोधी कायद्यात आणि मग १९८६ च्या ग्राहक कायद्यात. शिवाय तिथे खुलासा आहे की किंमत कुणाची ते स्पष्ट केलं नसेल, तर ती त्या बाजारात सगळे विक्रेते सर्वसाधारणपणे घेतात ती किंमत समजली जाईल. आणि 'सवलतीची किंमत' कशाला म्हणायचं ते ठरवताना जाहिरात वाचणारा माणूस तिचा वाजवीपणे काय अर्थ लावील, हेही कायदा धरतो. माझ्या मते यात आईच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. ८०% सवलत वाचून ती काय समजते? चादर नेहमी तीन हजारांच्या आसपास मिळते, असंच. 'आम्ही फक्त छापील किंमत दाखवली' हे उत्तर त्या समजुतीपुढे टिकू नये. आपल्याला कमी आहे तो युरोपच्या ३० दिवसांसारखा एक साधा, मोजता येणारा आकडा. तो नसल्यामुळे 'सर्वसाधारणपणे' काय ते प्रत्येक वेळी सिद्ध करत बसावं लागतं, आणि सहाशे रुपयांच्या चादरीसाठी तेवढं कोण करणार?

व्यक्तीला ते जमत नाही म्हणूनच एकत्र यायची जुनी रीत महाराष्ट्रात आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांचे संघ वर्षानुवर्षं एकत्र मागणी नोंदवून महिन्याचा माल घेत आले आहेत. सरकारच्या बाजूने जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. फसव्या जाहिरातीसाठी ते दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा घडला तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने संकेतस्थळांच्या तेरा फसव्या चालींना नावं देऊन त्यांवर बंदी घातली. 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, थेंबाथेंबाने शेवटी उघड होणारी किंमत, हे सगळं त्यात आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. फुगवलेल्या खोडलेल्या आकड्याला मात्र त्या तेरांत स्वतंत्र नाव नाही. ते मिळावं असं मला मनापासून वाटतं.

आईला हे सगळं मी एका संध्याकाळी चहा घेताना सांगितलं. केळ्यांची गोष्ट तिला सगळ्यात आवडली. "तीस दिवस?" ती म्हणाली आणि उठून जमाखर्चाची वही घेऊन आली. लग्नापासून ती वही लिहिते. तूरडाळ, गोडेतेल, शाळेचे बूट, गॅस, सगळं तारखेनिशी. त्या वहीत जमेचा रकाना आहे, खर्चाचा आहे. 'वाचले' असा रकाना तिने कधी आखलेला नाही.

त्या दिवशी तिने मागच्या कोऱ्या पानावर 'चादर' असं लिहून खाली रेघा मारल्या आणि रोज सकाळी दूध तापेपर्यंत फोनवरचा आकडा बघून टिपायला लागली. ५९९, ५९९, ६४९, ६४९, ६२५. गणपती आले, गौरी जेवल्या, विसर्जन झालं. मधल्या चार दिवसांच्या 'महासेल'मध्ये ५९९. तो संपल्यावर ५७९. नवरात्राच्या तोंडावर ५४९. तीस रकाने भरले तेव्हा तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. २,९९९ एकदाही नव्हतं. तिने चादर मागवली, पान उलटलं आणि त्या दिवसाच्या तारखेखाली खर्चाच्या रकान्यात लिहिलं: चादर, डबल, निळी, ५४९.